तवा तरी द्या!

आमच्या मेसमध्ये गेल्या वर्षापर्यंत रविवारी सकाळी थालीपीठ मिळायचं. भाजणीचं, वर लोण्याचा गोळा. मग एक दिवस ते बंद झालं. काकांना विचारलं तर म्हणाले, "अरे, खाणारे तुम्ही पंधरा-वीस जण. बाकीच्या दीडशे पोरांना इडली पाहिजे. एकेक थालीपीठ थापायला एक माणूस अडकतो, एक शेगडी अडकते. नाही परवडत बाबा."

मंडळी, काकांनी थालीपीठ वाईट होतं असं कुठेही म्हटलेलं नाही. हा मुद्दा अधोरेखित करून ठेवा, पुढे लागणार आहे. (आणि हो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. "अधोरेखित" हा शब्द मी रूममेटला विचारून लिहिलाय. बाकी चुका पोटात घाला.)

तर विषय असा. दिवाळीच्या सुट्टीत मावसभावाचा जुना प्लेस्टेशन टू मला मिळाला आणि सोबत 'ओकामी' नावाच्या गेमची डिस्क. पांढऱ्या लांडग्याच्या रूपातली देवी, जपानी शाईच्या चित्रांसारखं सगळं जग आणि हातात तलवारीऐवजी ब्रश! मी दोन रात्री झोपलो नाही. तिसऱ्या रात्री डिस्क वाचायलाच तयार नाही. घासली, पुसली, फुंकर मारली, काही उपयोग नाही. गावातल्या जुन्या गेम्सच्या दुकानात गेलो तर दुकानदार हसला. "हे कधीच बंद झालं यायचं."

होस्टेलला परत आल्यावर रूममेटला रडगाणं ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, "जे खपत नाही ते बंद होणारच. त्यात रडायचं काय? गेम चांगला असता तर खपला असता ना!"

त्याच्या पहिल्या वाक्याशी मी सहमत आहे. शेवटच्या वाक्याशी अजिबात नाही. हा लेख त्या शेवटच्या वाक्यासाठी.

आधी त्याची बाजू नीट मांडतो. कन्सोलचा गेम ही काही वहीसारखी वस्तू नाही, की संपली की शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून आणखी चार काढून आणल्या. तो कुणी, किती आणि कुठे छापायचा हे कन्सोल बनवणारी कंपनी ठरवते. यामागे इतिहास आहे. 1982 च्या नाताळात अटारीने 'ई.टी.' या सिनेमावरच्या गेमची सुमारे 40 लाख कार्ट्रिज बनवली. विकली गेली त्यातली जेमतेम 15 लाख. पुढच्या वर्षी न खपलेल्या मालाचे ट्रक न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत रिकामे झाले. लोकांना ही दंतकथा वाटायची, पण 2014 साली तिथे खणलं तर कार्ट्रिज खरोखरच निघाली.

त्यानंतर आलेल्या निन्टेंडोने धडा घेतला. कार्ट्रिज बनवणार निन्टेंडो. गेम काढणाऱ्या कंपनीने किती नग हवेत ते आधी सांगायचं, पैसे आधी भरायचे, किमान ठरावीक नग घ्यायचेच, आणि न खपलेला माल तिच्याच गळ्यात. अमेरिकेत तर एका कंपनीने वर्षाला पाचच गेम काढायचे अशीही अट होती. पुढे सोनीने सीडी आणली. ती कार्ट्रिजपेक्षा पुष्कळ स्वस्त आणि लवकर छापून होणारी, पण छपाईची परवानगी आणि प्रत्येक प्रतीमागे द्यायची रॉयल्टी मात्र कन्सोलवाल्याच्याच हातात राहिली.

आता गणित करू. (इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगवाले सरसावून बसले असतील. हो, तेच ते इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटी, जे आपण पाठ करून लिहितो आणि पेपर संपला की विसरतो.) आकडे माझ्या मनाचे आहेत, फक्त समजण्यापुरते. समजा, पहिला छापलेला माल संपला. पुन्हा छापायचा तर किमान 5,000 प्रती घ्याव्या लागतात. गेम हळूहळू खपतोय, महिन्याला 40 प्रती. म्हणजे 5,000 संपायला 125 महिने, दहा वर्षं पाच महिने! तेवढ्यात त्या कन्सोलच्या जागी नवा कन्सोल आलेला असतो. गोडाऊनचं भाडं वेगळं, अडकलेल्या पैशावरचं व्याज वेगळं. दुकानदारही महिन्याला एक प्रत विकणाऱ्या डब्याला शेल्फवर जागा का देईल? त्या जागेत या आठवड्यात आलेला फुटबॉलचा गेम रोज दहा खपतो. शिवाय ज्यांच्याकडे आहे ते लोक खेळून झाल्यावर जुनी डिस्क विकून टाकतात, तीच पुन्हा विकली जाते, आणि त्यातला एक पैसाही प्रकाशकाला मिळत नाही.

यात भर म्हणजे पुन्हा छापण्याचं बक्षीसही खपणाऱ्यालाच. सोनीने 1997 साली अमेरिकेत 'ग्रेटेस्ट हिट्स' नावाने जुने गेम स्वस्तात पुन्हा काढायला सुरुवात केली. त्यात यायला सुरुवातीची अट काय? गेम बाजारात येऊन वर्ष झालेलं असावं आणि निदान दीड लाख प्रती खपलेल्या असाव्यात. म्हणजे फर्स्ट क्लासवाल्यांनाच एक्स्ट्रा क्लास! एटीकेटीवाल्यांना कोण विचारतो?

तेव्हा प्रकाशक दुष्ट आहेत असं माझं म्हणणं नाही. त्यांच्या खुर्चीत बसलो तर मीही तेच करीन. पण या गणितात एक गोष्ट कुठेच आली नाही, पाहिलंत? गेम चांगला की वाईट! काकांच्या हिशेबात चव नव्हती, तशीच. छपाई थांबते ती लॉटचा आकार, शेल्फ, गोडाऊन आणि कन्सोलचं आयुष्य यांच्यामुळे. "संपला" म्हणजे "फालतू होता" असं त्यातून सिद्ध होत नाही.

पुरावा पाहिजे? तीन गेम्सची गोष्ट सांगतो.

पहिला माझा 'ओकामी'. कॅपकॉमने तो 2006 साली काढला. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, वर्षाचा सर्वोत्तम गेम म्हणून निवड झाली. पण खप यथातथा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅपकॉमने तो बनवणारा क्लोव्हर स्टुडिओ बंद करत असल्याचं जाहीर केलं. संपलं? नाही. 2008 ला तो वी वर आला, 2012 ला प्लेस्टेशन थ्रीवर, 2017 ला नव्या कन्सोलवर आणि पीसीवर, 2018 ला स्विचवर. डिसेंबर 2024 मध्ये तर पुढच्या भागाची घोषणा झाली, आणि दिग्दर्शक तोच, हिदेकी कामिया. जवळजवळ 18 वर्षांनी! (माझ्या लॅपटॉपवर मी तो शेवटी विकत घेऊनच पूर्ण केला. रूममेटने साक्षीदार म्हणून सही करावी.)

दुसरा 'सायकोनॉट्स', 2005 चा. टिम शेफरच्या डबल फाइन कंपनीने बनवला, मॅजेस्को नावाच्या प्रकाशकाने काढला. माणसांच्या डोक्यात शिरून त्यांच्या भीतीशी खेळायचं अशी अफलातून कल्पना. पहिल्या वर्षात एक लाखही प्रती खपल्या नाहीत, आणि मॅजेस्को इतकी अडचणीत आली की तिच्या प्रमुखाने राजीनामा दिला. पण 2011 साली या गेमचे हक्क डबल फाइनकडे परत आले. त्यांनी तो स्वतः इंटरनेटवरून विकायला काढला, आणि मूळ प्रकाशकाच्या काळापेक्षा कितीतरी जास्त खपवला. पुढे चाहत्यांनी पैसे उभे केले आणि 2021 मध्ये दुसरा भाग आला. गेम तोच, बनवणारे तेच. फक्त किल्ली दुसऱ्याच्या हातात गेली.

तिसरा 'पॅन्झर ड्रॅगून सागा', 1998, सेगा सॅटर्नवरचा. चार सीडींचा, ड्रॅगनवर बसून उडायचा. अमेरिकेत तो आला तेव्हा सॅटर्नचा शेवट जवळ आलेला होता. सेगाचं सगळं लक्ष नव्या ड्रीमकास्टकडे. त्यामुळे तिथे फारच थोड्या प्रती निघाल्या आणि विषय संपला. जाणकार आजही त्याला त्या कन्सोलवरच्या सर्वोत्तम गेम्सपैकी एक मानतात, जुनी प्रत शेकडो डॉलरना विकली जाते. त्यातलं सेगाला काही मिळत नाही, बनवणाऱ्यांनाही नाही. या मालिकेतला पहिला गेम 2020 मध्ये नव्याने बनवून आला, पण 'सागा' मात्र पुन्हा विकायला आलेला नाही. मला तो खेळायचाय. पैसे द्यायलाही तयार आहे. पण घेणारं खिडकीवर कुणी नाही!

इथे रूममेट म्हणाला, "अरे पण आता डिस्क कोण घेतं? सगळं डाऊनलोड. ना किमान लॉट, ना गोडाऊन, ना शेल्फ. तुझा प्रश्नच मिटला."

मलाही तसंच वाटलं होतं. पण दुकान इंटरनेटवर असलं तरी ते कुणाचं तरी दुकानच असतं, आणि शटर ओढलं जातंच. निन्टेंडोने वी यू आणि थ्रीडीएस यांची ऑनलाइन दुकानं 27 मार्च 2023 ला बंद केली, मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स 360 चं 29 जुलै 2024 ला. जे गेम फक्त तिथेच मिळायचे, त्यांना तर दुकानात शोधायला डिस्कही नाही. शिवाय गेममधल्या गाण्यांचे हक्क ठरावीक वर्षांपुरते असतात. 'अॅलन वेक' हा गेम 2017 मध्ये त्याच कारणाने विक्रीतून काढावा लागला. त्याचं नशीब चांगलं, हक्क पुन्हा मिळाले आणि 2018 मध्ये तो परतला. पण महिन्याला चाळीस खपणाऱ्या गेमसाठी गाण्याचे हक्क पुन्हा कोण विकत घेईल? म्हणजे गोडाऊन गेलं, पण गणित तेच राहिलं.

व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन या अमेरिकन संस्थेने 2023 मध्ये पाहणी केली. अमेरिकेत 2010 पूर्वी आलेल्या गेम्सपैकी 87 टक्के आज बाजारात सरळ विकत मिळत नाहीत. शंभरातले फक्त 13 मिळतात. चित्रपट असोत की पुस्तकं, जुनं निदान ग्रंथालयात जाऊन शोधता तरी येतं. मग गेमसाठी ग्रंथालय का नाही? तर ऑक्टोबर 2024 मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसने तीच मागणी फेटाळली. बाजारातून गेलेले जुने गेम अभ्यासकांना ग्रंथालयाकडून घरबसल्या, दूरवरून पाहता यावेत एवढीच ती मागणी होती. गेम कंपन्यांच्या संघटनेचा विरोध होता. लोक अभ्यासाच्या नावाखाली करमणुकीसाठी खेळतील ही भीती! विकायचंही नाही आणि बघूही द्यायचं नाही, याला आमच्याकडे काय म्हणतात ते संपादक छापणार नाहीत.

आता कुणी म्हणेल, मग होस्टेलच्या लॅनवरून घ्यायचा आणि खेळायचा, हाय काय अन् नाय काय. मित्रांनो, जो गेम आज दुकानात मिळतो तो फुकट उतरवणं म्हणजे चोरीच. बनवणाऱ्याच्या ताटातला घास. उद्या आपल्यापैकीच कुणी गेम बनवणार आहे, तेव्हा कळेल. पण जो गेम कुणीच विकत नाही, त्याच्यासाठी प्रामाणिक माणसाला एकही सरळ रस्ता ठेवला नाही, तर तो आडवाटेनेच जाणार. त्याचा दोष निम्मा तरी रस्ता बंद करणाऱ्याचा.

माझं मत थोडक्यात सांगतो. प्रकाशकाने हळू खपणारा गेम छापत राहावं अशी सक्ती नको. तोटा सोसून कुणी धंदा करत नसतं. पण छपाई थांबवणं वेगळं आणि दाराला कुलूप लावून किल्ली विहिरीत टाकणं वेगळं. पुस्तकांच्या करारांत अनेकदा असं कलम असतं, की आवृत्ती संपून ठरावीक काळात नवी काढली नाही तर हक्क लेखकाकडे परत जातात. गेमच्या करारांतही ते सर्रास असावं. 'सायकोनॉट्स'ने दाखवून दिलंय की त्यात कुणाचं नुकसान नाही. ज्यांना डिस्कच हवी त्यांच्यासाठी आधी नोंदणी, मग छपाई. आपल्या मराठी प्रकाशकांची प्रकाशनपूर्व सवलत असते ना, जवळपास तसंच. अमेरिकेत लिमिटेड रन गेम्स ही कंपनी 2015 पासून मागणीपुरत्याच, मोजक्या प्रती काढून चालली आहे. आणि यातलं काहीच जमत नसेल तर निदान ग्रंथालयांना तरी ते गेम जपू द्या आणि दाखवू द्या.

जाता जाता थालीपीठाचं सांगायचं राहिलं. महिनाभर भुणभुण केल्यावर काका वैतागले. म्हणाले, "मी करणार नाही. पण रविवारी अकरानंतर शेगडी मोकळी असते. तवा घ्या, भाजणी तुमची तुम्ही आणा, आणि नंतर ओटा पुसून द्या." आता आम्ही आठ-दहा जण दर रविवारी थापतो. पहिली तीन जळतात, चौथं बरं होतं. काकांचा एक रुपया गेला नाही. उलट मागच्या रविवारी तेच येऊन एक मागून खाऊन गेले.

प्रकाशक मंडळींना एवढंच सांगणं आहे. तुम्हाला करायचं नसेल तर नका करू. पण तवा तरी द्या!

— टी.ई. (प्रॉडक्शन)