माझ्या गावाचा इतिहास कोण लिहिणार?

तृतीय वर्षाच्या पहिल्याच तासाला सरांनी प्रत्येकाला आपापले गाव विचारले. कुणी वाई सांगितली, कुणी राजापूर, कुणी जुन्नर. माझी पाळी आली तेव्हा मी 'माहुल' म्हणाले आणि वर्गात खसखस पिकली. "माहुल हे कसले गाव? तिथे तर रिफायनऱ्या आहेत!" मागच्या बाकावरून आवाज आला. त्या वेळी मीही सर्वांबरोबर हसले. पण घरी परतताना ते वाक्य मनात बोचत राहिले. माझ्या वर्गबंधूचा त्यात काय दोष? गेली सत्तर वर्षे आपल्या राज्यकर्त्यांनी, नगररचनाकारांनी आणि सुशिक्षितांनीही माहुलकडे याच नजरेने पाहिले आहे. तिथे गाव नाहीच, नुसती मोकळी जागा आहे, ही ती नजर. माझ्या मते माहुलच्या साऱ्या दुर्दैवाचे मूळ या एका गैरसमजात आहे.

चेंबूर स्थानकावरून आमच्याकडे यायला निघालात की कारखान्यांच्या भिंती, तेलाच्या गोल टाक्या आणि टँकरच्या रांगा लागतात. त्या संपल्या की कोळीवाडा येतो आणि त्यापुढे खाडी. ओहोटीला दूरवर चिखल उघडा पडतो. शहरातल्या माणसाला तो नुसता चिखल दिसतो. माझ्या आजीला त्यात भाजीबाजार दिसत असे. निवट्यांची बिळे कुठे, चिंबोरीसाठी फग कुठे लावायचा, खुबे कुठे मिळतात, बोयटे कधी येतात, हे तिला तोंडपाठ होते. उधाण आणि भांग यांचा हिशेब तिला दिनदर्शिका न बघता करता येई. काठाने तिवरांची दाट झाडी, पलीकडे मिठागरे आणि पाठीशी तुर्भ्याचा डोंगर, असा हा मुलूख. चिखलात रुतून बसलेली तिवरे लाटांचा जोर मोडतात आणि त्यांच्या मुळांच्या आसऱ्याने कोळंबीची पिल्ले वाढतात. हे पुस्तकात मी फार उशिरा वाचले. आजीने ते मला आधीच सांगितले होते.

इतिहासाचे म्हणाल तर आमचा भाग काही कालपरवा वसलेला नाही. ज्याला आपण आज ट्रॉम्बे म्हणतो ते तुर्भे हे एके काळी साष्टीच्या शेजारचे वेगळे बेट होते. या टापूवर पोर्तुगीज आले, १७३७ साली मराठ्यांनी साष्टी जिंकली, १७७४ मध्ये ती इंग्रजांनी घेतली. राज्ये आली आणि गेली. होड्या मात्र त्याच खाडीत जात राहिल्या. १९२८ साली तुर्भ्यापासून अंधेरीपर्यंत एक रेल्वेसुद्धा सुरू झाली होती. ती १९३४ मध्ये बंद पडली. आज किती मुंबईकरांना तिची आठवण आहे?

खरा पालट झाला तो स्वातंत्र्यानंतर. देशाला स्वतःचे तेलशुद्धीकरण हवे होते. बंदर जवळ, शहर थोडे दूर आणि जमीन स्वस्त, म्हणून आमचा परिसर निवडला गेला. १९५४ आणि १९५५ या दोन वर्षांत दोन परदेशी कंपन्यांच्या रिफायनऱ्या येथे सुरू झाल्या. सत्तरच्या दशकात त्या राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. १९५६ साली टाटांचे औष्णिक वीजकेंद्र आले. त्याच वर्षी ४ ऑगस्टला डोंगरापलीकडे 'अप्सरा' ही आशियातील पहिल्या काही अणुभट्ट्यांपैकी एक भट्टी कार्यान्वित झाली. १९६५ मध्ये खत कारखाना आला. त्यातला प्रत्येक प्रकल्प देशाला आवश्यकच होता, हे मी नाकारत नाही. आमच्या गावच्या काही मुलांना तिथे नोकऱ्याही लागल्या. माझा प्रश्न वेगळा आहे. देशाच्या विकासाची किंमत मोजताना ती कोणाच्या ताटातून वजा होते, हे कधी कुणी मोजले का?

मोजण्याची वेळ आली ती गावकऱ्यांनी स्वतः न्याय मागितला तेव्हा. माहुलगाव, आंबापाडा आणि गव्हाणपाडा येथील रहिवाशांच्या तक्रारीवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली निकाल दिला आणि येथील हवेपासून लोकांच्या आरोग्याला धोका आहे हे मान्य केले. आता गंमत पाहा. हा निकाल समोर असतानाच, २०१७ पासून, तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या तोडून तेथील हजारो माणसे कुठे पाठवली? माहुलला! प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेल्या बहात्तर इमारती तिथे तयारच होत्या. जिथली हवा जुन्या रहिवाशांना मानवत नाही तिथे नवे रहिवासी आणून बसवायचे, याला पुनर्वसन म्हणायचे की आणखी काही? अखेर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले की या लोकांना माहुलला जाण्याची सक्ती करू नका; दुसरीकडे घर देता येत नसेल तर भाड्यासाठी महिना पंधरा हजार रुपये द्या. पुढे २०२० साली लवादाने चार कंपन्यांवर मिळून २८६ कोटी रुपयांची नुकसानभरपाई आकारली.

मला या निकालांचा आनंद आहे, पण त्यात एक खंतही आहे. बाहेरून आलेल्यांना निदान 'दुसरीकडे जा' असे म्हणता येते. आम्ही कोळ्यांनी कुठे जावे? खाडी काही उचलून नेता येत नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये एका रिफायनरीत स्फोट झाला तेव्हा आमच्या घराच्या खिडक्या थरथरल्या. शेजारी 'आता इथून निघावे' म्हणू लागले. आजी उंबऱ्यावर बसून एवढेच म्हणाली, "जाशील कुठं पोरी? पाणी तर हितंच हाय."

अलीकडे माहुलला एक नवी प्रसिद्धी मिळाली आहे. हिवाळ्यात शिवडी आणि माहुलच्या मधल्या चिखलावर हजारो रोहित पक्षी उतरतात आणि पाऊस जवळ येईपर्यंत राहतात. त्यांचा गुलाबी थवा उडताना पाहणे हे भाग्यच. २०१५ साली ठाणे खाडीत रोहित अभयारण्य जाहीर झाले, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. परंतु त्या पक्ष्यांचे छायाचित्र पाहून खाडी निरोगी झाली असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. खाडीत येणाऱ्या सांडपाण्यामुळे शेवाळ माजते आणि लहान रोहितांचे मुख्य खाद्य शेवाळच, असे पक्षितज्ज्ञ सांगतात. ज्या पाण्यावर पाहुण्याचे पोट भरते त्याच पाण्यात घरच्या माणसाचे जाळे रिकामे निघते. पक्ष्यांचे कौतुक जरूर करावे. पण दुर्बीण थोडी खाली केली तर काठावर माणसेही दिसतील.

हे सारे आमच्याच नशिबी आले असेही नाही. एस्टोनिया देशात समुद्रकाठी सिल्लामाए नावाचे एक छोटे शहर आहे. एके काळी ते हवा पालटण्याचे ठिकाण होते. संगीतकार चायकोव्हस्की आणि शास्त्रज्ञ पाव्हलोव्ह तिथे उन्हाळ्यात राहिले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत सत्तेने तिथे युरेनियमचा कारखाना काढला, शहराला बाहेरच्यांसाठी बंद केले आणि नकाशावरूनही वगळले. कारखान्याचा किरणोत्सारी गाळ समुद्रापासून हाकेच्या अंतरावर साठत राहिला. एस्टोनिया स्वतंत्र झाल्यावर शेजारी राष्ट्रांच्या साहाय्याने तो गाळ बंदिस्त करण्याचे काम हाती घेतले गेले आणि २००८ पर्यंत ते पुरे झाले. तिथला धोका आणि इथला धोका एकच, असे मला म्हणायचे नाही. पण एक धडा मात्र सारखा आहे. त्या शहराला आधी नकाशावर परत यावे लागले, मगच त्याची साफसफाई झाली. जे गाव नकाशावर नाही त्याची काळजी कोण वाहणार?

माहुल छापील नकाशावर आहे. लोकांच्या मनातल्या नकाशावर नाही. ते तिथे आणण्याचे काम कारखानदार करणार नाहीत, सरकारही आपण होऊन करणार नाही. ते आपण, इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी, करायचे आहे. आपण शिवकालीन किल्ल्यांच्या सहली काढतो, त्यात काही वावगे नाही. पण वर्षातून एक दिवस चेंबूरच्या पलीकडे या. आमच्या म्हाताऱ्यांपाशी बसा. कोणत्या साली कोणता मासा यायचा थांबला, कोणते मिठागर कधी बुजले, जमीन किती भावाने गेली, हे लिहून घ्या. ही माहिती कोणत्याही दप्तरात नाही. ती काही वृद्धांच्या डोक्यात आहे आणि दरवर्षी त्यांतले कुणीतरी कमी होते.

माझी आजी गेल्या वर्षी वारली. निवट्यांची बिळे ओळखण्याची तिची खूण मी कधी लिहून घेतली नाही. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून माझ्या हातून झालेली ही पहिली चूक. इतरांच्या हातून ती होऊ नये म्हणून हा लेख.

आता कुणी गाव विचारले की मी मोठ्याने सांगते, "माहुल." आणि हसत नाही.