प्रेताची सोबत

आयर्लंडच्या खेड्यापाड्यांत माणूस वारला, की घड्याळ थांबविले जाई, आरसा झाकला जाई, आणि स्नान घातलेले प्रेत घरातच ठेवून त्याच्या सोबतीस सारा गाव रात्रभर जागत असे. येणाऱ्याच्या हाती मातीची चिलीम दिली जाई, व न ओढणाऱ्यानेही मृताच्या नावे एक झुरका घ्यावा, असा शिष्टाचार होता. त्याच खोलीत गोष्टी, कोडी आणि अंमळ उच्छृंखल खेळही चालत, हे धर्मपीठास अर्थातच रुचले नाही. सतराव्या शतकापासून मनाईची फर्माने निघत राहिली, १९२७ च्या मेनूथ धर्मसभेने तर अशा प्रसंगी मद्य देण्यासही बंदी केली. पण ज्या हुकमाची द्विरुक्ती तीन शतके करावी लागते, त्याची तामिली कितपत झाली असेल, हे सुज्ञांस सांगावयास नको.

आम्हांस अधिक मोलाच्या वाटतात त्या अशा जागरात मृतासाठी विलाप गाणाऱ्या स्त्रिया. पाच पौंडांहून अधिक किमतीचा घोडा कॅथलिकाने बाळगू नये, या जुलमी कायद्याशी ज्याची कथा निगडित आहे, तो आर्ट ओलिअरी १७७३ साली कॉर्क परगण्यात मारला गेला, तेव्हा ओकॉनेल घराण्यातील त्याची पत्नी आयलीन हिने केलेला म्हणून जो शोक मौखिक परंपरेने टिकला, त्यात नणंद तिला ऐन जागराच्या रात्री झोप काढल्याचा टोमणा मारते, आणि आपण मुलांना निजवीत होतो, असे ती विधवा तेथल्या तेथे ठणकावते.