वाघिणीतली डुकरं आणि इंजिनावरची माणसं

आयर्लंडच्या केरी परगण्यात ट्रॅली ते डिंगल ही तीन फुटी रुळांची छोटी रेल्वे 31 मार्च 1891 रोजी सुरू झाली. भागधारकांना दरसाल 4 टक्के लाभांशाची हमी होती आणि तोटा आला की त्याचा भुर्दंड त्या खडकाळ मुलखातल्या करदात्यांवर पडे. बटाट्यावर जगणाऱ्यांनी पैसेवाल्यांचा लाभांश भरायचा! हा उघड अन्याय होता, आणि तो कायद्यानं केलेला होता.

डिंगलचा जनावरांचा बाजार हा या रेल्वेचा पोशिंदा. बाजाराच्या दिवशी गुरं, मेंढ्या, डुकरं वाघिणींत कोंबून ट्रॅलीला नेत. 22 मे 1893 रोजी अशीच डुकरांची खास गाडी निघाली. तिला माणसांचाही डबा जोडलेला होता. ग्लेनागाल्टचा उतार 29 फुटांत एक फूट खाली जाणारा. गाडी आवरेना. उताराच्या पायथ्याशी कुराडफचा पूल, आणि त्याच्या तोंडाशीच वळण. तिथे इंजिन रूळ सोडून खाली कोसळलं. ड्रायव्हर, फायरमन आणि रेल्वेमार्गाचा तपासनीस जागीच गेले. डुकरांचा तर ढीग पडला. ते वळण टाळणारा नवा मार्ग झाला 1907 साली. तीन प्रेतं पाहूनही चौदा वर्षं त्याच वळणावरून गाड्या सोडणाऱ्यांनी दैवाला बोल लावू नये.

1939 मध्ये प्रवासी गाड्या बंद झाल्या, लोकांना बस मिळाली. 1947 साली रोजची मालगाडीही गेली. उरली ती महिन्यातून एकदा, बाजारासाठी सुटणारी गुरांची गाडी. रूळ गवतात बुडालेले, डागडुजी नावापुरती. तरी माल विकला जायला हवा होता, म्हणून कामगारांनी त्याच उतारावर इंजिनं हाकली. आणि इंग्लंडहून हौशी मंडळी कॅमेरे घेऊन ती पाहायला येत. ती छायाचित्रं सुंदर आहेत. आपणही अशा चित्रांवर भाळतो. त्यांत धूर दिसतो. वाघिणीच्या फटीतून बघणारा भेदरलेला डोळा दिसत नाही, जीव मुठीत धरून कोळसा टाकणारा फायरमन दिसत नाही. गुराची किंमत बाजारात ठरे, माणसाची तर कुणी विचारलीच नाही. तरणी पोरं इंग्लंड-अमेरिकेची वाट धरत होती, तिकडे कुणी कॅमेरा वळवला नाही.

1953 च्या उन्हाळ्यात गुरांची गाडीही थांबली. त्याच वर्षी नोव्हेंबरात, डिंगलपलीकडच्या ग्रेट ब्लास्केट बेटावरची उरलीसुरली माणसं सरकारनं कायमची किनाऱ्यावर हलवली.