नोकरीचा सात-बारा निघत नाही

शेतीचा सल्ला द्यायला उरण तालुक्यात फिरतो, पण गावात बसलं की भातापेक्षा नोकरीचाच विषय आधी निघतो. परवा खाडीकाठच्या बांधावर एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "साहेब, जमीन गेली तवा पोराला नोकरी भेटली. आता नोकरी गेली, तर तिच्या बदल्यात काय भेटंल?" मला उत्तर देता आलं नाही. म्हणून हा विषय इथे मांडतो.

न्हावा-शेवा बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं. त्याआधी, जानेवारी १९८४ मध्ये, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई आणि नवघर इथे जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी लढा झाला आणि पाच शेतकरी हुतात्मे झाले. भातखाचरं आणि मिठागरं गेली. बदल्यात बंदरात नोकऱ्या मिळाल्या, पण त्या सगळ्यांना नाहीत, काही घरांनाच.

आता झालं काय? माल कमी झाला असं कुणी म्हणेल, तर ते खरं नाही. २०२४-२५ मध्ये वीस फुटी कंटेनरच्या मापाने सुमारे ७३ लाख कंटेनर इथून गेले-आले. पण २०२५ मध्ये सिंगापूरच्या कंपनीच्या टर्मिनलचा दुसरा टप्पा पुरा झाला आणि त्या एकाचीच क्षमता ४८ लाखांवर गेली. सगळ्या बंदराची क्षमता एक कोटीच्या घरात पोचली. म्हणजे काम वाढलं, पण काम करण्याची ताकद त्याहून जास्त वाढली.

भाताच्या गिरणीचं उदाहरण घ्या. गावात दोन गिरण्यांपुरतं भात पिकतं आणि उभ्या राहिल्या पाच. नवीन गिरणी कमी माणसांत झटपट भरडून देते, गिऱ्हाईक तिकडे वळतं. जुन्या गिरणीत माणसं जास्त, इंजिन जुनं. आधी थंडावते ती तीच. बंदराच्या स्वतःच्या टर्मिनलचं असंच झालं. १९९९ पासून शेजारी खासगी टर्मिनलं एकामागून एक उभी राहिली आणि त्याचा धंदा ओसरत गेला. डिसेंबर २०२० मध्ये विश्वस्त मंडळाने ते खासगीकडे द्यायचं ठरवलं. कामगारांनी विरोध केला, मोर्चे काढले. शेवटी २०२२ मध्ये ते ३० वर्षांसाठी खासगी कंपनीकडे गेलं. कायम कामगारांपुढे स्वेच्छानिवृत्तीचा पर्याय ठेवला गेला.

दुसरा फटका बंदराबाहेर बसला. जहाजावरून उतरलेला कंटेनर आधी सीएफएसच्या गोदामात जायचा, तिथे कस्टमचं काम व्हायचं. अशी तीसच्या वर गोदामं या भागात उभी राहिली. २०१६ पासून बंदरातून थेट कारखान्यात माल न्यायची पद्धत वाढवली गेली. व्यापाऱ्याचा वेळ आणि पैसा वाचला, त्यात गैर काही नाही. पण गोदामांचं काम घटलं आणि तिथल्या आपल्या पोरांवर कपातीची वेळ आली. ही पोरं बहुतेक ठेकेदाराकडची. त्यांना ना स्वेच्छानिवृत्ती, ना मोठी रक्कम.

जानेवारी १९८२ मध्ये मुंबईत गिरणी संप झाला. कोकणातला कितीतरी कामगार तेव्हा गावी परतला. हाल झाले, पण दोन गुंठे का होईना भाताची जागा होती, घर होतं. उरणच्या कामगाराने परतायचं कुठे? त्याचं खाचर तर कंटेनर यार्डाखाली आहे. फेररचनेच्या हिशेबात क्रेन येते, धक्का येतो, भाडं येतं. हे खाचर कुठेच येत नाही. जमीन पिढ्यान्पिढ्या वारसाच्या नावावर चढते. नोकरी मात्र माणसाबरोबर निवृत्त होते. तिचा सात-बारा निघत नाही. बंदराच्या प्रकल्पग्रस्तांच्या साडेबारा टक्के भूखंडांची पत्रं वाटायला २०१४ साल उजाडलं, हेही विसरता येत नाही.

मग करायचं काय? तीन गोष्टी सांगतो.

एक, निवृत्तीचा पैसा किंवा भूखंडाचा मोबदला हातात आला, तर शेतकरी बियाणं वेगळं काढून ठेवतो तसा त्यातला मोठा वाटा आधी बाजूला काढा. बियाणं शिजवून खाल्लं, की पुढच्या मृगात पेरायला काही उरत नाही.

दोन, पोराला नुसता हेल्पर म्हणून चिकटवू नका. क्रेन चालवणं, शीत कंटेनरची दुरुस्ती, कस्टमची कागदपत्रं ही कामं शिकवा. ठेका बदलला तरी हातातलं कसब बदलत नाही.

तीन, उरलेली खारजमीन सोडू नका. "आता शेतीत काय राहिलंय" म्हणून बांधाकडे कुणी बघत नाही, मग खांड पडते, उधाणाचं पाणी शिरतं आणि शेत नापीक होतं. उन्हाळ्यातच बांध आणि उघाडी पाहून घ्या, ग्रामसभेत ठराव करून खारभूमी विभागाकडे दुरुस्तीचा पाठपुरावा करा. खारटपणा सोसणाऱ्या पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या भाताच्या जाती पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने काढल्या आहेत, त्या लावा.

पालघरकडे वाढवण बंदराला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. ते उभं राहिलं, की मोठी जहाजं तिकडेही वळतील आणि इथे पुन्हा हीच चर्चा होईल. तिथल्या शेतकरी-मच्छीमार बांधवांनी सही करण्याआधी एकदा उरणला येऊन जावं. नोकरी किती वर्षांची, कुणाच्या हाताखाली, ठेका बदलला तर काय, हे कागदावर घ्यावं.

आणि आपण? येत्या ग्रामसभेला निदान बांधाचा विषय तरी पत्रिकेवर आणू या.