गरम पाणी : लागेल तिथे, लागेल तेवढे



ऊस विकास अधिकाऱ्याने लागण, खोडवा, बेणे आणि पाचट यांवर लिहावे हा आपल्या अंकाचा रिवाज. या खेपेस मी तो मोडतो आहे आणि सरळ तुमच्या न्हाणीघरात शिरतो आहे. हसू नका. पाण्याचाच विषय आहे, आणि पाण्याची नासाडी दिसली की बोलायचे ही माझी नोकरीच आहे.

थंडीच्या दिवसांत प्लॉट पाहणीला सकाळी लवकर निघावे लागते. असाच एकदा उजनीच्या फुगवट्याकडच्या एका गावी सभासदाच्या घरी चहाला थांबलो. घर नवे, स्लॅबचे. तीन न्हाणीघरे, गच्चीवर मोठा गिझर, खाली नळ चकचकीत. पण अंगणात तांब्याचा बंब धडधडून पेटलेला आणि घरातली सून डोळे चोळीत त्यात तुरीच्या तुराट्या सारीत बसलेली. मी विचारले, "अहो, गिझर असताना हे कशाला?" सभासद म्हणाले, "साहेब, गिझर वर हाय, पण गरम पाणी खाली यायला निम्मी बादली जाते. आई म्हणते, माझा बंबच बरा." सूनबाई काही बोलल्या नाहीत. साडेचारला उठल्या होत्या, एवढेच नंतर कळले.

गाडीवर बसल्यावर मी हिशेब केला. पाइप पाऊण इंची, वळणे धरून साठेक फूट. एवढ्या पाइपातच पाच-साडेपाच लिटर पाणी मावते. नळ सोडला की आधी ते गार पाणी बाहेर पडणार, मग गरम येणार. आंघोळीला ते बादलीत खपते, पण हात-तोंड धुवायला किंवा चार भांडी विसळायला नळ सोडला तर ते मोरीत जाते. नळ बंद केल्यावर तेवढेच तापलेले पाणी पाइपात राहून गार होते, म्हणजे वीजही गेली. बंधूहो, विहिरीपासून दूरच्या रानाला पाटाने पाणी न्यायचे आणि निम्मे वाटेत जिरवायचे, त्यातलाच हा प्रकार. रानात आपण ठिबक टाकले, पाणी मुळाशी दिले. घरात मात्र अजून पाटपाणीच चालू आहे.

माझे मत असे की पाणी जिथे लागते तिथेच, नळाशी, आणि लागेल तेवढेच तापवावे. यासाठी ३ लिटरचे छोटे गिझर जेऊरच्या बाजारातही मिळतात. लोक त्याला इन्स्टंट म्हणतात. पण नावावर जाऊ नका, थोडे गणित करा. १५ लिटरची बादली २२ अंशांवरून ४२ अंशांवर न्यायची तर सुमारे ३०० किलोकॅलरी उष्णता लागते, म्हणजे विजेचे साधारण ०.३५ युनिट. एका युनिटात जवळजवळ तीन बादल्या. उलट २५ लिटरची टाकी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेली तर एक युनिट जाते, मग त्यातले तुम्ही एक तांब्या वापरा की सगळे वापरा.

आता दुसरी बाजू. ३ किलोवॅटचा गिझर मिनिटाला दोन लिटरच्या आसपासच पाणी २० अंशांनी तापवू शकतो. बादली भरायला सात मिनिटे. दुकानदार 'झटपट' म्हणतो ते पहिल्या दोन-तीन तांब्यांपुरते खरे. त्यात वस्तीवरच्या घरात विजेचा दाब पडला तर आणखी गंमत. २३० व्होल्टऐवजी १८० व्होल्ट आले तर ३ किलोवॅटचा गिझर १.८ किलोवॅटवर येतो, आणि सात मिनिटांची बादली अकरा मिनिटांवर जाते. गिझर खराब निघाला म्हणून दुकानात भांडायला जाण्याआधी दाब तपासावा. आणि पाणी कोमट येत असेल तर नळ थोडा आवळावा. धार बारीक केली की पाणी गरम होते, इतके ते साधे आहे.

कशाला किती ऊब लागते, हेही आपण मोजत नाही. बेण्याला उष्णजल प्रक्रिया देताना आपण ५० अंश आणि २ तास असे काटेकोर बघतो. कमी पडले तर गवताळ वाढीचा रोग राहतो, जास्त झाले तर डोळे मरतात. आंघोळीला ४०-४२ अंश पुरतात. तरी आपण ७० अंशांचे कढत करतो आणि वर गार ओततो. ही उधळपट्टी फक्त सवयीची आहे.

यापुढचे नीट वाचा, कारण यात जिवाशी गाठ आहे. असाच छोटा गिझर एका ओळखीच्या घरात दिव्याच्या बोर्डावरच्या साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटला जोडलेला मी पाहिला. सॉकेट वितळून काळे पडले होते. ३ किलोवॅटला १३ अँपिअर लागतात. त्याला १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट, निदान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, आणि अंतर लांब असेल तर चारची. अर्थिंग खरोखर जमिनीत गेलेले हवे, नुसती हिरवी वायर बोर्डात गुंडाळून ठेवलेली नको. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. गळती झाली की तो वीज तोडतो. ओल्या अंगाच्या माणसाला दुसरी संधी मिळत नाही. आणि तिन्ही न्हाणीघरांत तीन गिझर लावून एकदम चालू केलेत तर ९ किलोवॅट होतात. बिलावर आपला मंजूर भार किती आहे ते आधी बघा.

गॅसच्या गिझरविषयी माझे मत कडक आहे. तो स्वस्त पडतो हे खरे. एका बादलीला ३५ ग्रॅमच्या आसपास गॅस, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरात चारशेच्या घरात बादल्या. वीज नसली तरी चालतो, पाणीही भरपूर देतो. पण तो न्हाणीघराच्या आत लावू नये, म्हणजे नाहीच. दार-खिडकी बंद असली की ज्योत आतली हवा खाते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोके जड होते, गरगरते आणि माणूस आतच पडतो. आपल्या राज्यात अशा कितीतरी मृत्यूंच्या बातम्या येऊन गेल्या आहेत, त्यांत तरुण मुलेमुली आहेत. गॅसचा गिझर बाहेरच्या भिंतीला, मोकळ्या हवेत टांगा, आणि पाइपाने फक्त पाणी आत घ्या.

क्षाराचे पाणी असणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. ठिबकची तोंडे ज्या पांढऱ्या थराने चोंदतात, तोच थर गिझरच्या कॉइलवर बसतो. ठिबकला आपण ॲसिड देतो, तसे गिझरला घरी देऊ नका. वर्षातून एकदा जाणत्या माणसाकडून साफ करून घ्या.

मग बंब मोडीत काढायचा का? नाही. दहा-बारा माणसांच्या घरात सकाळच्या आंघोळीचा भार छोट्या गिझरवर टाकणे शहाणपणाचे नाही. तिथे गच्चीवर सौर हीटर असावा. ढगाळ दिवसांत आणि लग्नकार्यात बंब आहेच. पण म्हाताऱ्या माणसांचे न्हाणीघर, बाळंतिणीची खोली आणि स्वयंपाकघराचा नळ, एवढ्या ठिकाणी नळाशी छोटा गिझर हवा. विजेचा खर्च आपण मोजतो. पहाटे साडेचारला उठून तुराट्या सारणाऱ्या बाईच्या झोपेचा हिशेब कुठल्याच वहीत लिहीत नाही. ठिबक घेताना रात्रीचे दारे धरणे सुटेल, हा विचार आपण केलाच होता ना? मग घरातलेही एक दारे आता सुटू द्या.

त्या घरी मी पुन्हा गेलो होतो. आजींच्या न्हाणीघरात छोटा गिझर लागला आहे, अर्थिंगसकट. बंबही आहे, घासून ठेवलेला. आजींचे म्हणणे, सणावाराला बंबाचेच पाणी घेणार. घ्यावे.

पुढच्या अंकी नेहमीप्रमाणे खोडव्यातील पाचट.

आपला,
ऊस विकास अधिकारी