लाखोळी निर्दोष ठरली काय?



आमच्या मुलखात धानाच्या बांधीत पिकणारी लाखोळी जनावरांस बाधत नाही, सबब माणसांसही ती निर्धोक होय, हा गतांकातील पत्रलेखकांचा निष्कर्ष मला सर्वथा अमान्य आहे. १९६४ साली या दाण्यातून पृथक् केलेले ओडॅप हे द्रव्य टोचल्यास कोंबडीच्या कोवळ्या पिलांना आचके येतात; प्रौढ उंदीर सहसा त्याला दाद देत नाहीत हे खरे, परंतु १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, लाखोळीवर पोसलेल्या सुदृढ माकडांच्याही हालचालींच्या चेतामार्गांत बिघाड आढळलाच. मनुष्याची अवस्था याहून दारुण: दुष्काळात महिनोन्महिने हीच डाळ मुख्य अन्न झाली, की टाचा उचललेल्या, गुडघे एकमेकांस घासणारे, अशा चालीने काठी टेकणारा धडधाकट तरुण, बुद्धी शाबूत असूनही, जन्माचा पंगू होतो, आणि त्यावर इलाज नाही.

लाखोळीवरील १९६१ ची विक्रीबंदी राज्य सरकारने २००८ मध्ये उठवली, तेवढ्याने दाणा निर्विष झाला नाही. गरिबाची डाळ हिरावून घ्या, असे मी म्हणत नाही. डाळ कढत पाण्यात भिजवून ते पाणी फेकावे, रोजच्या जेवणात ती एकटीच नसावी, आणि कृषी खात्याने ‘रतन’, ‘प्रतीक’ यांसारख्या अल्पविषारी वाणांचे बियाणे गावोगाव पोहोचवावे, एवढीच विनंती.

आपला,
एक वाचक
दिघोरी, जि. भंडारा