अग्रक्रमाचा फलक आणि धक्क्यावरची पायरी

प्रशासनाला सर्वांत स्वस्तात देता येणारी सवलत म्हणजे अग्रक्रम. एक परिपत्रक, एक फलक आणि रांगेशेजारी बांधलेली एक दोरी एवढ्यावर ती देता येते. वृद्ध, दिव्यांग आणि गर्भवती स्त्रिया यांना प्रथम प्रवेश, असे लिहिले की कर्तव्य पार पडल्याचे समाधान मिळते. परंतु रांगेच्या टोकाला पायरी असेल, तर व्हीलचेअरवरील प्रवाशाच्या पदरी या अग्रक्रमातून एवढेच पडते की ती पायरी त्याला इतरांच्या आधी अडवते. बंदरांच्या बाबतीत हा भेद विशेष जाणवतो. कारण जमीन आणि जहाज यांच्यामधले अंतर रोज बदलत असते आणि ते कोणी भरून काढायचे, हे बहुतेक ठिकाणी ठरलेले नसते.

हे मी साक्कोट्टै येथून लिहीत आहे. कुंभकोणमला लागून असलेल्या या गावापासून समुद्र साठ-सत्तर किलोमीटर दूर आहे. जवळचे प्रवासी बंदर नागपट्टिणम. तेथून श्रीलंकेतील कांकेसंतुरैपर्यंतची प्रवासी जहाजसेवा १४ ऑक्टोबर २०२३ रोजी सुरू झाली. नंतर ती काही वेळा खंडित होऊन पुन्हा चालू झाली. हा सारा मुलूख एकेकाळी तंजावरच्या भोसल्यांचा. दुसरे सरफोजीराजे यांच्या काळात रामेश्वरच्या यात्रामार्गावर छत्रांची, म्हणजे धर्मशाळा व अन्नछत्रांची, साखळी होती. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र त्यांपैकीच एक. रामेश्वराला जाणारा यात्रेकरू शेवटी पांबनच्या खाडीपाशी येऊन होडीतच बसत असे. तेथे रेल्वेचा पूल झाला तो १९१४ मध्ये.

ही छत्रे चालू राहावीत म्हणून सरफोजीराजांनी १८०१ साली ब्रिटिश रेसिडेंटला पत्र लिहिले. त्यात कोणाला काय मिळते याचा तपशील आहे: वाटसरूला अन्न, लहान मुलांना दूध, आजाऱ्याला वैद्य व औषध, गर्भवतीची शुश्रूषा. प्रशासनाच्या दृष्टीने त्या पत्रात मोलाची गोष्ट ही की, दुर्बळ प्रवाशाला आधी आत घेणे एवढ्यावर व्यवस्था थांबत नव्हती. त्याची गरज ओळखून त्यासाठी माणूस आणि खर्च नेमून दिलेला होता.

आता मुंबईकडे पाहू. उधाणाच्या दिवशी तेथील भरती-ओहोटीतील फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो. गेटवे ऑफ इंडियाजवळच्या दगडी पायऱ्यांना लागणारी लाँच त्यामुळे कधी वरच्या पायरीशी, तर कधी कितीतरी खालच्या पायरीशी असते. गर्दीच्या वेळी लाँची एकमेकींना बांधून उभ्या राहतात आणि प्रवासी एकीवरून दुसरीवर पाय टाकत जातात. खलाशी हात देतात आणि तो हात मनापासूनचा असतो. पण व्हीलचेअरवरील माणसाला हात पुरत नाही. त्याला उचलावे लागते.

याच मुंबईत १५ मार्च २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो सेवा आहे. तिच्यात मोटार थेट आत जाते. गोव्यातील मांडवी नदीवरच्या सपाट तळाच्या फेरीबोटी तर कित्येक वर्षे पुढचा फळा उतरवून दुचाक्या आणि मोटारी आत घेत आल्या आहेत. या दोन्ही ठिकाणी उतार केला गेला तो वाहनासाठी. व्हीलचेअरला तो अनायासे मिळाला. यातून निघणारा नियम साधा आहे: जेथे मोटार चढते तेथे व्हीलचेअर चढू शकते, आणि जेथे केवळ माणसे चढतात तेथे ती अडते. म्हणजे तंत्र आपल्याजवळ आहे. ते मोटारीसाठी वापरण्याची निकड आपल्याला वाटली, माणसासाठी वाटली नाही.

मुंबई बंदरातील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झाले. विमानतळाच्या धर्तीवरील अशा इमारतीत उद्वाहक आणि रुंद दारे करणे अवघड नसते. खरी परीक्षा पुढे असते. जहाज धक्क्याला लागले तर गँगवेचा उतार भरतीप्रमाणे किती तीव्र होतो? आणि ते धक्क्याला लागलेच नाही तर काय? लक्षद्वीपच्या काही बेटांजवळ मोठे जहाज खोल पाण्यात थांबते आणि प्रवासी लहान होडीत उतरतात. जगभर अशा ठिकाणी व्हीलचेअरवरील प्रवाशाला पुष्कळदा जहाजावरच राहण्यास सांगितले जाते. तिकिटाचे पूर्ण पैसे देऊन तो बेट दुरून पाहतो. सुरक्षिततेचे कारण काही वेळा खरेही असते. परंतु ते तिकीट विकताना सांगितले पाहिजे, होडीच्या तोंडाशी नव्हे.

कायद्याची स्थिती पाहण्यासारखी आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात रेल्वे, बस आणि विमान यांच्या जोडीने जहाजांचाही उल्लेख होता. मात्र 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' ही पळवाटही होती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम ४१ मध्ये बसथांबे, रेल्वे स्थानके आणि विमानतळ यांची नावे आहेत. बंदराचे वा धक्क्याचे नाव नाही. त्याच कलमात वाहतुकीच्या सर्व साधनांचा समावेश असल्याने होडी कायद्याबाहेर राहत नाही, हे खरे. पण ज्याचे नाव घेतलेले नाही, त्याची फाइल सर्वांत शेवटी हलते, हे कार्यालयात काम केलेल्या कोणालाही ठाऊक असते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात स्पष्ट केले की, सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपाचे ठेवता येणार नाहीत. किमान काही निकष बंधनकारक केलेच पाहिजेत.

महाराष्ट्राबाहेर आणि परदेशी राहणाऱ्या वाचकांना विमानतळावरील व्यवस्था परिचित आहे. गावाकडून एकटी निघालेली आई तिकिटावर व्हीलचेअरची नोंद करते, आणि मग दारापासून आसनापर्यंत कोणीतरी तिच्याबरोबर असते. तेथेही त्रुटी आहेत, पण नोंद कोठे करायची आणि तक्रार कोणाकडे न्यायची हे माहीत असते. युरोपीय संघाने डिसेंबर २०१२ पासून हीच शिस्त जलप्रवासाला लावली: प्रवाशाने ४८ तास आधी कळवावे, आणि बंदर व वाहतूकदार यांनी विनामूल्य साहाय्य द्यावे. आपल्या धक्क्यावर मात्र तिकीट खिडकी, धक्का आणि लाँच यांची मालकी वेगवेगळी असू शकते. तिघांच्या मधल्या हातभर अंतरात प्रवासी उभा असतो.

यावर आक्षेप येतात. पहिला असा की, असे प्रवासी येतातच किती? पण पायरीवरून येणाऱ्यांची मोजणी करून पायरीमुळे न आलेल्यांची संख्या कशी कळणार? शिवाय तरंगत्या धक्क्याचा उपयोग गुडघे दुखणाऱ्या आजोबांना, कडेवर मूल घेतलेल्या बाईला आणि डोक्यावर पाटी असलेल्या कोळणीलाही होतो. दुसरा आक्षेप असा की, चार माणसे उचलून नेतातच की! हलत्या पायरीवर माणूस उचलणे हे उचलणाऱ्याच्या पाठीला आणि उचलल्या जाणाऱ्याच्या जिवाला धोक्याचे आहे. आणि परक्यांच्या हातांत आपले शरीर सोपवणे ही प्रवासाची अट असू नये.

मला सुचते ते थोडके आहे. प्रत्येक प्रवासी धक्क्यावर चढण्या-उतरण्याच्या साहाय्यासाठी एक अधिकारी नावाने जबाबदार असावा. जेथे भरती-ओहोटीचा फरक मोठा आहे तेथे तरंगता धक्का आणि कठडे असलेला उतार हा निविदेचाच भाग असावा, नंतरची जोड नव्हे. गेटवेजवळ रेडिओ क्लब येथील नव्या जेट्टीला मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये मोकळीक दिली आहे. असा निकष आधी लावण्याची संधी तेथे आहे. आणि देखभालीचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर व्हीलचेअरसाठी बांधलेला २६३ मीटरचा लाकडी मार्ग २७ नोव्हेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि पंधरवड्याच्या आतच मांडूस चक्रीवादळात त्याची मोडतोड झाली. तो दुरुस्त करण्यात आला. समुद्राकाठी काहीही एकदाच बांधून भागत नाही, हे त्यातून दिसते.

अग्रक्रमाचे फलक काढून टाकावेत असे माझे म्हणणे नाही. मात्र फलक लावणाऱ्या कार्यालयाने त्याखाली आणखी एक ओळ लिहावी: साहाय्यासाठी कोणाला भेटावे. ती ओळ लिहिता येत नसेल, तर वरचा फलकही अजून अपुरा आहे असे समजावे.